सुनेत्राची अट

गेल्या महिन्यात एका दुपारी जेवण झाल्यावर मी टीव्ही लावला, तर ती मालिका पुन्हा सुरू झालेली दिसली. पूर्वी ती संध्याकाळी आठला असायची, आता दुपारी अडीचला दाखवतात. पडद्यावर शलाका नावाची सून जावेच्या मुलाला माळ्यावरच्या खोलीत कोंडून बाहेर जिन्यावर बसली होती आणि हसत होती. मी तो भाग शेवटपर्यंत पाहिला. मधल्या जाहिरातीही पाहिल्या. मग भांडी घासायला येणाऱ्या बाईला उठून दार उघडलं. मला काही झालं नाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. शलाकाच्या तोंडी एक वाक्य होतं. ते ज्या बाईचं होतं, तिच्याबद्दल आता लिहून ठेवावं, एवढंच वाटलं.

तिचं नाव सुनेत्रा खैरनार. मूळची देवळ्याची. नाशिकमधल्या ज्या कॉलेजातून मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले, तिथे ती सहा वर्षं माझ्या हाताखाली होती. जागा कंत्राटी, दर सप्टेंबरमध्ये नवी ऑर्डर निघायची. आली तेव्हा तिशीची असेल. उंच, सावळी, केस चापून बांधलेले, आणि भर मे महिन्यातही लांब बाह्यांचा कुर्ता. एकदा वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना बाही मागे सरकली, तेव्हा हातावरच्या जुन्या, पांढऱ्या पडलेल्या रेघा मला दिसल्या. मी पाहिलं ते तिनंही पाहिलं. तिनं बाही खाली ओढली. लग्न झालं होतं, मोडलं होतं. त्याबद्दल ती एकच सांगायची, "माणूस बरा होता. माझ्यानं दमला."

कामात ती चोख होती. मुलांची नावं तिच्या लक्षात राहायची, आणि नावांबरोबर त्यांची पुस्तकंही. पेठ तालुक्याकडची एक मुलगी एकच इंग्रजी पुस्तक तीनदा घेऊन गेली आणि तीनदा आणून दिलं. सुनेत्रानं चौथ्या वेळी तिला काउंटरच्या आत बोलावून हळूच विचारलं, "वाचता येतंय का ते?" मुलगी मान खाली घालून उभी राहिली. मग सुनेत्रानं तळघरातून त्याच विषयाचं जुनं मराठी पुस्तक शोधून आणलं, झटकलं, फाटलेलं पान चिकटवलं आणि दिलं. असं ती नेहमी करायची. मी त्या खुर्चीवर वीस वर्षं बसले होते. मला कधी कुणाला तसं विचारावंसं वाटलं नव्हतं.

पण तिच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

ती मला कशी हाक मारते यावरून मला त्या दिवसाचा अंदाज यायचा. एरवी "ताई" आणि "तुम्ही". मन फार भरून आलं की "तू". "ताई, तुझ्यासारखं माणूस नाही गं." आणि बिनसलं की एकदम "मॅडम". सकाळी अकराला मी तिची सख्खी बहीण असायचे आणि चारला मॅडम झालेली असायचे. मधल्या वेळात मी काय केलं, ते मला बहुतेक वेळा कळायचंच नाही. कधी कळायचं. मी दुसऱ्या कुणाबरोबर कॅन्टीनला गेलेली असायचे.

एकदा मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. फोन पर्समध्ये होता. तासाभरानं बाहेर येऊन पाहिलं तर तिचे सतरा फोन आणि तेवढेच मेसेज. पहिला होता, "ताई, कुलूप लावून निघू का?" मधला, "माझं काही चुकलं का?" शेवटचा, "ठीक आहे मॅडम. समजलं मला." दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कार्डांची चळत होती. ग्रंथालयाची सूची संगणकावर गेल्यापासून जुनी सूचीकार्डं पडून होती. पुढच्या बाजूला पुस्तकाचं नाव, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ती माफी लिहायची. बारीक, सरळ अक्षर. त्या दिवशी नऊ कार्डं होती. शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं, "हे वाचून उत्तर देऊ नका. फक्त चहा प्यायला चला." बरोबर डब्यात तिच्या आईनं देवळ्याहून पाठवलेल्या ज्वारीच्या बिबड्या होत्या, पापडासारख्या भाजलेल्या.

अशी कार्डं कॉलेजात बऱ्याच जणांना मिळाली होती. ऑफिसमधल्या देशमुख क्लार्कला मिळाली होती, प्रयोगशाळेतल्या बाईंना मिळाली होती. लोक ती एकमेकांना दाखवायचे आणि हसायचे. मी दाखवली नाहीत. पण देशमुखनं त्याच्याजवळची दाखवली, तेव्हा मी वाचली.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात मनाच्या आरोग्यावर एक कार्यक्रम झाला. आधी एक परदेशी सिनेमा दाखवला, मग बाहेरून आलेल्या वक्त्यांचं भाषण. प्रोजेक्टर ग्रंथालयाचा, त्यामुळे सुनेत्रा आणि मी मागे उभ्या होतो. सिनेमातली बाई एका लग्न झालेल्या माणसाच्या मागे लागते, त्याच्या घरात शिरते, सुरी उचलते, आणि शेवटी ती मेल्यावर त्याच्या घरात सगळे सुटल्यासारखे श्वास घेतात. दिवे लागले. वक्ते म्हणाले, हिला जे झालं होतं त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे सीमारेषेवरचं व्यक्तिमत्त्व. एका मुलीनं विचारलं, "सर, असं कुणी ओळखीत असेल तर काय करायचं?" ते हसून म्हणाले, "लांब राहायचं." सगळा हॉल हसला. मीही थोडी हसले.

सुनेत्रानं प्रोजेक्टरची वायर गुंडाळली. नियतकालिकांच्या खोलीत गेल्यावर पेटी कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, मला तेच आहे."

"काय?"

"ते सीमारेषेचं. पाच वर्षं झाली. कागदावर लिहिलेलं आहे डॉक्टरीणबाईंनी. सीमारेषा म्हटल्यावर मला आधी वाटलं, पेठच्या पुढं गुजरातची असते तसली काहीतरी." मग जरा वेळानं, "मी गुरुवारी दोन तास लवकर जाते ना, ते त्यासाठी. शिकवणी असते आमची. सहा बायका आणि एक माणूस."

"काय शिकवतात?"

"थांबायला."

तेव्हा मला तिची कूलरजवळची सवय कळली. मध्येच ती उठायची, स्टीलचा पेला गार पाण्यानं काठोकाठ भरायची आणि न पिता दोन्ही मनगटांवर धरून उभी राहायची. मी समजत होते, उकडतंय.

त्या दिवसानंतर ती माझ्याशी सिनेमांबद्दल बोलायला लागली. तिनं असे सगळे सिनेमे आणि मालिका शोधून शोधून पाहिल्या होत्या. हिंदी, मराठी, इंग्रजी, कोरियन. ज्यात आजाराचं नाव घेतलेलं असतं त्याही, आणि नाव न घेता बाईला तसं वागवलेलं असतं त्याही. तिचं म्हणणं, शेवट चारच असतात. बाई मरते. बाईला कुणी मारतं. बाईला गाडीत घालून नेतात आणि दार बंद होतं. नाहीतर नायक तिला घट्ट धरतो आणि ती त्या क्षणाला बरी होते.

"चौथा सगळ्यात वाईट," ती म्हणाली. "माझा नवरा तो बघून आला होता. दोन वर्षं धरून बसला बिचारा."

मी म्हटलं, "सिनेमा आहे तो. तसं असायचंच."

"असू दे ना. पण ताई, त्यातली बाई कधी दळण आणायला जाते का? रेशनच्या रांगेत उभी राहते का? मी आठवड्यातले साडेसहा दिवस तेच करते. अर्धा दिवस माझं डोकं फिरतं. ते लोक तेवढाच अर्धा दिवस दाखवतात, आणि तोही माझ्या बाजूनं नाही. ज्याच्यावर मी ओरडते त्याच्या बाजूनं."

हे ती रागानं म्हणाली नाही. सह्यांचा मस्टर पुढे ओढून घेत म्हणाली.

तिला राग आला की काय होतं, ते मी एकदा जवळून पाहिलं. परीक्षेच्या दिवसांत मी तिची रजा नाकारली होती. गुरुवार होता हे माझ्या लक्षात नव्हतं. ती नियतकालिकांच्या खोलीत गेली, मी मागे गेले, तर ती थरथरत होती. "जा," म्हणाली. "जा इथून. परत येऊ नका." मी बाहेर आले आणि, का कोण जाणे, दाराबाहेरच्या स्टुलावर बसले. पंधरा मिनिटं झाली असतील. दार उघडलं. मला बघून ती जिथल्या तिथे थांबली. मग माझ्या शेजारी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "ताई, मी जा म्हटलं की जायचं नसतं. आत यायचं नसतं, पण जायचंही नसतं. बाहेर थांबायचं. एवढं कुणी केलं नाही माझ्यासाठी."

मी फार काही केलं नव्हतं. पाय दुखत होते म्हणून बसले होते. ते मी तिला सांगितलं नाही.

प्रसाद माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ. मुंबईत मालिका लिहितो. दिवाळीत तो कॉलेज रोडला त्याच्या आईकडे आला होता, तेव्हा आमच्याकडे जेवायला आला. बोलता बोलता म्हणाला, नव्या मालिकेत त्याला एक सून लिहायची आहे, जी दुष्ट नाही पण घर हलवून सोडते. मी म्हणाले, "आमच्याकडे एकजण आहे." भात वाढता वाढता म्हणाले. त्यानं ताट बाजूला सारलं आणि खिशातून फोन काढून लिहून घ्यायला लागला.

सुनेत्रा नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती इतकी खूश झाली की मला घाबरल्यासारखं झालं. पंधरा दिवस तयारी केली. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगायचं तेवढंच सांग, आणि सांगून झाल्यावर कसं वाटतंय ते मला येऊन सांग. दोन रविवार ती आमच्या बैठकीच्या खोलीत प्रसादसमोर बसून बोलली. मी स्वयंपाकघरात असायचे, पण आवाज यायचा. नवऱ्याबद्दल, लहानपणी देवळ्याला मामाच्या घरात काय झालं त्याबद्दल, कार्डांबद्दल, कूलरबद्दल. प्रसाद चांगलं ऐकत होता. एकदा त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले. तो नाटकी माणूस नाही.

दुसऱ्या रविवारी निघताना ती चपला घालत म्हणाली, "पैसे नकोत मला. एक अट आहे."

"बोला ना."

"तिला एकदा दळण आणायला पाठवा. पूर्ण सीन. जाते, रांगेत थांबते, पीठ घेऊन घरी येते. मध्ये काही होत नाही. डबा सांडत नाही, कुणी भेटत नाही. आणि शेवटी तिला मारू नका."

प्रसाद हसला. म्हणाला, "प्रॉमिस."

मालिका एप्रिलमध्ये सुरू झाली. सुनेत्राकडे टीव्ही नव्हता, म्हणून ती आठला आमच्याकडे यायची. नाशिकरोडहून बस बदलून यायची, हातात काहीतरी असायचं, भोपळी मिरची नाहीतर पाव किलो फरसाण. सोफ्यावर न बसता ती खाली, पडद्याजवळ बसायची. सुरुवातीची शलाका खरंच चांगली होती. एका भागात ती नवऱ्याला ऑफिसात सतरा फोन करते, आणि नंतर बाथरूममध्ये नळाखाली मनगटं धरून उभी राहते. सुनेत्रानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "सतराच ठेवले त्यांनी," म्हणाली. मग एका बुधवारी दळणाचा प्रसंग आला. गिरणी, पांढरी झालेली टोपी घातलेला माणूस, बाकावर बसलेल्या बायका, आणि त्यांच्यात शलाका. दीड मिनिट असेल. तिनं डबा उचलला, कडेवर घेतला, घरी आली. पुढची जाहिरात लागली तरी सुनेत्रा पडद्याकडेच बघत राहिली. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दारापर्यंत येऊ न देता एकटी खाली उतरली.

पावसाळ्यात मालिका बदलली. अभिनेत्री तीच, पण तिचे डोळे मोठे केले, कपडे गडद केले, ती आली की मागे एक विशिष्ट संगीत वाजायला लागलं. शलाकानं जावेच्या औषधाच्या बाटल्या बदलल्या. मग तिनं कार्डं लिहायला सुरुवात केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, बारीक सरळ अक्षरात, आणि त्यात माफी नव्हती, धमक्या होत्या. ती कार्डं घरातल्यांना उशीखाली सापडायची. आणि मग जावेच्या मुलाला कोंडल्यावर, दाराबाहेर जिन्यावर बसून, आत रडणाऱ्या पोराला ती हसत म्हणाली, "मी जा म्हटलं की जायचं नसतं."

सुनेत्रा आमच्या घरात खाली बसली होती. ती उठली, पाण्याचा पेला घेतला, मोरीत जाऊन उभी राहिली. मी टीव्ही बंद केला. परत आल्यावर तिनं पर्स घेतली.

"मॅडम, मी निघते."

"सुनेत्रा, मी बोलते प्रसादशी."

"बोला."

मी बोलले. प्रसाद फोनवर म्हणाला, "वहिनी, साठ भागांनंतर मी नाहीच आहे त्यात. चॅनेल म्हणालं शलाका मिळमिळीत आहे, तिला धार पाहिजे. दुसऱ्यांना दिलं लिहायला."

"आणि कार्डं? ते वाक्य?"

"ते मी आधीच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तिच्याकडून लिहून घेतलेलं सगळं त्यांच्याकडे होतंच." मग म्हणाला, "दळणाचा सीन मी भांडून ठेवला होता, वहिनी. त्या भागाला सगळ्यात कमी लोक होते."

कॉलेजातल्या सगळ्यांच्या घरी ती मालिका पाहिली जात होती. लग्नपत्रिकांवरची कार्डं आल्याबरोबर देशमुखनं त्याच्याजवळची जुनी सूचीकार्डं बाहेर काढली. आठवडाभरात सुनेत्राचं नाव शलाका पडलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. काउंटरवर पोरंसुद्धा ती आली की तोंडानं ते संगीत वाजवायची. ती ओरडली नाही. फक्त एकदा, एका मुलीनं तसं केलं तेव्हा तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाली, "बाहेर जा." आवाज चढला होता, हे खरं. त्या मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना फोन केला.

प्राचार्यांनी मला बोलावलं. चांगले गृहस्थ होते, तिरकस नव्हते. म्हणाले, "त्या सिरियलमधल्यासारखी बाई तुमच्याकडे ठेवलीय म्हणे, असं म्हणाले ते पालक. मी सिरियल बघत नाही. पण बाई, खैरनारांना मनाचा काही आजार आहे म्हणतात, हे खरं का?"

मी म्हटलं, "हो." तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नंतर आलं.

"मग मुलींमध्ये ठेवणं सुरक्षित आहे?"

"सहा वर्षांत तिनं कुणाला बोट लावलेलं नाही, सर."

"तेच लिहून द्या. लेखी अभिप्राय असला म्हणजे मला नवी ऑर्डर काढता येईल."

मी माझ्या टेबलावर येऊन कागद घेतला. लिहिलं, "श्रीमती खैरनार यांचे काम समाधानकारक आहे." मग पुढे लिहिलं, "स्वभावाबाबत निश्चित सांगता येत नाही." ते दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि उद्या काही झालं तर माझ्यावर नको, असा काहीतरी विचार असेल. विचार केला की नाही तेही नीट आठवत नाही. हात लिहीत गेला. मी सही केली, शिक्का मारला.

तिची ऑर्डर निघाली नाही.

शेवटच्या दिवशी ती काय करेल याची सगळ्या कॉलेजला उत्सुकता होती. देशमुख दोनदा काहीतरी काम काढून डोकावून गेला. ती सकाळी वेळेवर आली. राहिलेली एकशे चाळीस पुस्तकं नोंदवली, फाटलेली वेगळी काढली, तिच्या जागी येणाऱ्या माणसासाठी कुठे काय ठेवलंय ते तीन पानं लिहून काढलं. पाचला माझ्या टेबलापाशी आली आणि किल्ल्यांचा जुडगा ठेवला. मी खाली मान घालून रजिस्टर भरत होते. ती जरा वेळ उभी राहिली. मग गेली.

पुढच्या आठवड्यात तिची तब्येत बिघडली. सिनेमात अशा वेळी कुणीतरी दार तोडतं. हिनं स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन केला, पिशवीत टॉवेल, ब्रश, दोन कुर्ते भरले, गॅसचा नॉब बंद केला, दाराला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली आणि रिक्षा करून दवाखान्यात दाखल झाली. बारा दिवस होती. मी एकदा गेले. ती झोपली होती. बाहेर बाकावर तिची आई बसली होती, नऊवारीतली, देवळ्याहून आलेली. मी नाव सांगितल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुम्हीच का त्या? पोर तुमनं लई नाव काढस," अहिराणीत म्हणाली. "म्हणस, ताई व्हती म्हणून सहा वरीस टिकनू."

मी तिच्याजवळ केळी ठेवली आणि घरी आले. रिक्षात बसल्यावर मी भाजीच्या यादीचा विचार केला, हे मला स्वच्छ आठवतं. कोथिंबीर, लिंबं, गवार. सुनेत्राबद्दल काही वाटायला हवं होतं, ते वाटायची वाट बघत मी घरापर्यंत आले. ते आलं नाही. अजूनही पुरतं आलेलं नाही.

बरी झाल्यावर ती देवळ्याला गेली. तिथे एका संस्थेच्या अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात तिथे, काम करते असं कळलं. गुरुवारी नाशिकला येऊन जाते असंही कळलं. मालिकेत शलाका त्याच वर्षी गच्चीवरून पडून मेली. सगळं घर एकत्र येऊन आरती करतं, तो शेवटचा भाग. तो मी तेव्हा पाहिला नव्हता. आता दुपारी दाखवतील.

मी तिला शेवटचं पाहिलं त्याला आता दोन वर्षं होतील. चांदवडला भाचीकडे निघाले होते, ठक्कर बझारच्या स्टँडवर बसची वाट बघत होते. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी काळा चष्मा लावून बसली होती आणि तिच्याशेजारी सुनेत्रा. केस कापलेले, कानापाशी थोडे पिकलेले. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता. तिनं मला आधी पाहिलं. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली.

"बसा ताई. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं परवा. आज पट्टी काढली."

मी बसले. तिनं आईचा चष्मा काढला, हनुवटी वर केली, खालची पापणी बोटानं ओढून औषधाचा एक थेंब टाकला. मग घड्याळ पाहिलं. "दुसऱ्या बाटलीचा पाच मिनिटांनी टाकायचा असतो," मला म्हणाली.

आम्ही तिघी बसून राहिलो. सटाण्याची बस लागली, सुटली. मी म्हटलं, "सुनेत्रा, तो कागद मी प्राचार्यांना दिला होता—"

"वाचला होता मी. किल्ल्या दिल्या त्या दिवशी ऑफिसात माझी फाइल उघडी होती. दुसरं वाक्य."

"तेव्हा बोलली नाहीस."

"बोलणार होते. तुम्ही वर बघत नव्हता."

तिचा आवाज साधा होता. बसची वेळ सांगावी तसा. मी माझ्या पर्सची चेन उघडली आणि लावली. ती म्हणाली, "अजून दोन मिनिटं आहेत." ती थेंबांबद्दल बोलत होती.

मग तिनं दुसरा थेंब टाकला, गालावर आलेलं पाणी कापसानं टिपलं. "डोळा मिट. चोळू नको, आई." देवळ्याची बस आली. तिनं आईला दंडाला धरून उठवलं, आणि चढताना मोठ्यानं सांगत गेली, "ही एक पायरी. ही दुसरी. आता सपाट आहे." म्हातारीनं मागे वळून विचारलं असावं की कोण होतं, कारण सुनेत्रानं तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

खिडकीजवळ आईला बसवून ती उभी राहिली. डोळ्याला वारा लागू नये म्हणून खिडकीची काच ओढायला लागली. काच अडकली होती. तिनं दोन्ही हात लावले, खांद्याचा जोर दिला. काच थोडी सरकली, थांबली, मग पूर्ण लागली. बाहेरून ती धुळीनं भरलेली होती. बस मागे येऊन वळली आणि फाटकातून गेली तोवर मी तिकडे बघत होते, पण आत कोण कुठे बसलंय ते काही दिसलं नाही.